माणूस बसेल असं कापड

दिवाळी सरली की इस्लापूरच्या आसपासच्या खेड्यांत घरांची पुढची खोली कापसानं भरायला लागते. वेचणी चालू असते, भाव मनासारखा मिळत नसतो, म्हणून ढीग घरातच राहतो. कधी महिनाभर, कधी उन्हाळा तोंडावर येईपर्यंत. त्याच खोलीत, समोरच्या भिंतीला लागून सोफा असतो. लग्नात आंदण म्हणून आलेला, नाहीतर नांदेडहून टेम्पोत घालून आणलेला. कापड मरून रंगाचं, मखमलीसारखं, आणि त्यावर जुनी चादर. संध्याकाळी शेजारचे आबा शेतातून परतताना डोकावतात. "वर बसा की," म्हटलं की ते हात हलवतात. "माती हाय अंगाला. खालीच बरंय," असं म्हणून कापसाच्या ढिगाला पाठ टेकवून जमिनीवर बसतात.

तो सोफा महाग असेल, मजबूतही असेल, पण त्याचं कापड चुकलेलं आहे. ज्या कापडावर घरचा माणूस निःसंकोच बसू शकत नाही, ते त्या घराचं कापड नव्हे. कुठलं कापड चांगलं, हा प्रश्न दुकानात गेल्यावर सुचतो. पण त्याचं उत्तर घरीच असतं. या घरात कोण बसतं, कुठून येऊन बसतं आणि अंगावर काय घेऊन बसतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याची निवड सहसा चुकत नाही.

झेंड्याच्या कापडाचा धडा

कापड कसं निवडावं याचं उत्तम उदाहरण आपल्याच भागात आहे. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात आणि त्यांची खादी लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला विणली जाते. या ध्वजासाठी देशाचं लिखित मानक आहे, आणि त्याचा क्रमांकच पहिला आहे: आयएस १. ते १९५१ साली निघालं आणि पुढे त्यात सुधारणा झाल्या. कापडाची वीण कशी हवी, ताण किती सोसला पाहिजे, रंग उन्हात आणि धुण्यात किती टिकला पाहिजे, हे सगळं त्यात आहे. ध्वज उंच काठीवर राहणार, वारा खाणार, ऊन सोसणार. म्हणून आधी त्याचं जगणं लिहिलं गेलं आणि मग त्या जगण्याला पुरेल असं कापड ठरलं.

घराच्या सोफ्यासाठी असं मानक कुणी लिहून देत नाही. ते आपलं आपणच लिहावं लागतं. वहीचं एक पान पुरतं. पाच प्रश्न लिहायचे आणि त्यांची उत्तरं घरातल्या सगळ्यांना विचारून भरायची.

पहिला प्रश्न, रोज कोण बसतं आणि किती वेळ? दुसरा, बसणाऱ्याच्या अंगावर काय असतं: माती, घाम, तेल, पीठ, शाळेची शाई? तिसरा, सोफ्यावर जेवण-चहा होतो का? चौथा, खिडकीतून ऊन कुठं पडतं आणि किती वेळ? आणि पाचवा, जो बहुतेक घरांत विचारलाच जात नाही: हे कापड धुणार कोण, आणि तिच्याजवळ पाणी आणि वेळ किती?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर बाईनं द्यायचं असतं आणि सोफा घेताना तिलाच मागं उभं केलं जातं. उन्हाळ्यात हंडाभर पाण्याचा हिशोब करणाऱ्या घरात दर पंधरवड्याला धुवावं लागणारं पांढरट कापड म्हणजे तिच्या डोक्यावरचं आणखी एक ओझं.

धागा: अंगाला काय लागतं

इस्लापूर किनवट तालुक्यातलं, मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं गाव. जवळच पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. उन्हाळा मराठवाड्याचाच, कडक आणि कोरडा. पण सागाच्या जंगलाचा हा टापू असल्यामुळे पाऊस मात्र लातूर-धाराशिवकडच्या मानानं जास्त. म्हणजे कापडाला मे महिन्यात घाम सोसायचा आणि ऑगस्टमध्ये दमट हवा.

इथं धाग्याचा स्वभाव कामी येतो. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना १०० ग्रॅम कोरड्या सुतात साधारण ८.५ ग्रॅम पाणी मुरतं आणि तरी ते हाताला ओलं लागत नाही. लोकरीत तेच १६ ग्रॅमच्या आसपास मुरतं, तागात १३ ते १४, आणि पॉलिस्टरमध्ये जेमतेम ०.४ ग्रॅम. दुपारी वीज गेली, पंखा थांबला की हा आकडा पाठीला समजतो. सुती कापड घाम पिऊन घेतं. घट्ट विणलेल्या पॉलिस्टरवर तो पाठ आणि कापड यांच्यामध्ये तसाच राहतो आणि सदरा चिकटतो.

मग सगळ्यांनी सुतीच घ्यावं का? तसंही नाही. तोच ओलावा पावसाळ्यात सुताला जड जातो. भिंत ओल धरणारी असेल आणि सोफा तिला चिकटून असेल, तर सुती कापडावर बुरशीचे काळे ठिपके येतात. सूत आटतं, चुरगळतं आणि घर्षणाला पॉलिस्टरइतकं टिकत नाही. पॉलिस्टरच्या पाठीशी टिकाऊपणा आहे, रंग पक्का आहे, वाळायला वेळ लागत नाही. पण त्याला तेल आवडतं. पाण्याला दूर ठेवणारा हा धागा तेलाला जवळ करतो, आणि डोक्याला खोबरेल लावणाऱ्या आपल्या घरांत सोफ्याची पाठ वरून काळपट पडते ती त्यामुळेच.

कापसाच्या घरात आणखी एक गोष्ट. कोरड्या थंडीत पॉलिस्टरवर स्थिर वीज साठते आणि हवेतले कापसाचे बारीक तंतू त्याच्याकडे ओढले जातात. मखमल किंवा शेनील असेल तर ते तंतू लवीत अडकून बसतात. झाडलं तर निघत नाहीत, ओल्या हातानं पुसलं तर गोळे होतात. कापूस साठवणाऱ्या घरानं लव असलेलं कापड घेऊच नये. सपाट विणीचं घ्यावं.

बहुतेक शेतकरी घरांना मधला मार्ग मानवतो: सूत आणि पॉलिस्टर यांचं मिश्रण, सपाट वीण. निम्म्याहून जास्त सूत असेल तर पाठीला सुख, आणि पॉलिस्टरमुळे झिजेला आधार. बैठकीची खोली नुसत्या पाहुण्यांसाठी असेल तर वेगळी निवड चालते. अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस दिवसभर दिवाणावर असेल, तर तिथं शुद्ध सूतच हवं, चार खोळी जास्त कराव्या लागल्या तरी.

वीण: जाड म्हणजे मजबूत नव्हे

दुकानात लोक कापड चिमटीत धरून जाडी पाहतात. जाडी फसवते. कापड टिकतं ते ताणा आणि बाणा एकमेकांत किती घट्ट गुंतलेत त्यावर. एक धागा वर, एक खाली अशी साधी वीण सगळ्यांत जास्त गुंतलेली. जाड दोसुती याच घराण्यातली. साटीनमध्ये धागा चार-पाच धाग्यांवरून सरळ जातो आणि मग खाली उतरतो. म्हणून चमक येते, आणि म्हणूनच तो मोकळा धागा बांगडीत, पैंजणात, मांजराच्या नखात अडकतो.

हे समजायला छत्रपती संभाजीनगरचं हिमरू पाहावं. सूत आणि रेशीम यांच्या मेळातून विणलेलं हे देखणं कापड शतकानुशतके मराठवाड्याचं वैभव राहिलं आहे. त्याची उलटी बाजू पाहिली तर नक्षीचे रेशमी धागे मोकळे सुटलेले दिसतात. शालीला, भिंतीवर लावायला, तक्क्याच्या अभ्र्याला ते शोभतं. रोज चार मुलं उड्या मारतात त्या बैठकीला ते लावणं म्हणजे त्या विणकराच्या कष्टांची हेळसांड. चांगल्या कापडालाही त्याची जागा द्यावी लागते.

झिजेचं मोजमाप करणारी एक चाचणी जगभर चालते. तिचं नाव मार्टिनडेल. ती १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये निघाली. कापडाचा गोल तुकडा ठरावीक दाबाखाली लोकरीच्या कापडावर आठाच्या आकड्यासारख्या फिरत्या वळणांनी घासत राहतात आणि धागे तुटेपर्यंतचे फेरे मोजतात. क्वचित वापराच्या खुर्चीला १० ते १५ हजार फेरे पुरतात, रोजच्या घरगुती वापराला १५ ते २५ हजार, आणि एकत्र कुटुंबात किंवा दुकानाच्या बैठकीत २५ ते ३० हजार किंवा त्याहून जास्त हवेत. मोठ्या शहरातल्या दुकानात नमुन्यांच्या पुस्तकाच्या मागं हा आकडा छापलेला असतो. तो जरूर पाहावा. पण तो फक्त घासण्याचा आकडा आहे. ऊन, तेल आणि नखं यांच्याबद्दल तो काहीच सांगत नाही. ५० हजार फेऱ्यांचं कापडही पश्चिमेच्या खिडकीत दोन उन्हाळ्यांत विटू शकतं.

रेक्झिन: रेल्वेला बरं, घराला?

'पुसलं की साफ' म्हणून गावाकडे रेक्झिनला मागणी असते. रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या एका कारखान्याच्या मालाचं नाव. सुती कापडावर रासायनिक लेप चढवून चामड्यासारखं रूप दिलेलं ते कापड. पुढे लेप बदलले, नाव मात्र आपल्या भाषेत मुरलं. रेल्वेच्या शयनयानातल्या निळ्या बाकांवर आपण त्यावरूनच प्रवास करतो. तिथं ते योग्यच आहे. रोज शेकडो अनोळखी माणसं बसतात, चहा सांडतो, आणि पुढच्या गाडीआधी सगळं फडक्यानं पुसून मोकळं व्हायचं असतं.

घरात हिशोब बदलतो. लेपातून घाम मुरत नाही, हवा जात नाही. स्वस्त पीव्हीसी रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घातलेलं असतं ते उष्णतेनं हळूहळू निघून जातं. मग कापड कडक होतं आणि घडीवर तडकतं. पीयूचा लेप हाताला मऊ लागतो, पण त्याच्या स्वस्त प्रकारांना उष्णता आणि दमट हवा एकत्र सोसत नाही. पाण्याच्या वाफेनं लेपातल्या रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि काही वर्षांतच पापुद्रे सुटू लागतात. ते पापुद्रे सदऱ्याला चिकटतात, लहान मूल तोंडात घालतं, आणि अशा कापडाला दुरुस्ती नसते. रेक्झिन घ्यायचंच असेल तर जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांना घ्यावं. तिथं माणूस थोडाच वेळ बसतो आणि सांडलवंड जास्त होते.

रंग: ऊन, हळद आणि तेल

रंग निवडताना नजर नक्षीवर असते. त्याआधी हे पाहावं, की रंग धाग्यात किती खोलवर आहे. बहुतेक कापडाला रंग धागा तयार झाल्यावर चढवतात. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतो तसा तो वरून बसतो. काही कृत्रिम धाग्यांत मात्र धागा ओढण्याआधीच रंग मिसळलेला असतो. हळकुंड कुठूनही मोडलं तरी आत पिवळंच निघतं, तसा हा रंग. ऊन येणाऱ्या खिडकीपाशी असं कापड जास्त टिकतं. उन्हातला टिकाऊपणा १ ते ८ या मापात मोजतात. खिडकीजवळ ५ च्या वरचं घ्यावं. ते मिळालं नाही तर जाड पडदा लावावा किंवा सोफा हलवावा.

आपल्या घरांतला सगळ्यांत हट्टी डाग हळदीचा. हिंगोली, वसमत, नांदेड हा हळदीचाच पट्टा. वरणाचा थेंब सोफ्यावर पडणारच. हळदीतलं पिवळं द्रव्य, कुरक्युमिन, सोड्याच्या किंवा तीव्र साबणाच्या संपर्कात लालसर होतं. डाग लाल झालेला पाहून माणूस घाबरतो आणि आणखी घासतो. तसं करू नये. सांडल्याबरोबर सुक्या फडक्यानं टिपून घ्यावं, सौम्य साबणाच्या पाण्यानं धुवावं आणि उन्हात टाकावं. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही, एक-दोन दिवसांत फिकट होतो. अट एकच: खोळ निघणारी हवी, म्हणजे ती उन्हात टाकता येईल.

तेलाचा इतिहास मोठा रंजक आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पुरुष डोक्याला मॅकॅसर तेल लावत. इंडोनेशियातल्या मॅकॅसर बंदरावरून त्याला ते नाव पडलं. खुर्च्यांच्या पाठी तेलकट होऊ लागल्या तेव्हा घरोघरच्या बायकांनी त्यावर धुता येणारे रुमाल टाकले. त्या रुमालांचं नावच 'अँटिमॅकॅसर' पडलं. आपल्या आज्ज्यांनी, आयांनी विणलेले क्रोशाचे रुमाल तेच काम करतात. ते जुनाट समजून काढून टाकू नयेत. सोफ्याच्या पाठीला डोकं टेकतं तेवढ्या पट्टीवर सुती रुमाल असला, की आठवड्याला एवढंच धुवावं लागतं.

काळ्या रानाच्या मातीबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवावी. चिकणमातीचा कण २ मायक्रॉनपेक्षा बारीक, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान. ओली असताना घासली तर ती विणीत आत जाते आणि कायमची बसते. माती पूर्ण वाळू द्यावी, मग ब्रशनं झटकावी, पाणी शेवटी. आणि रंग निवडताना आपल्या मातीचा रंग आठवावा. एकदम पांढरट कापडावर माती दिसते, एकदम काळ्यावर कापूस दिसतो. करडा, खाकी, मातकट तपकिरी, त्यात दोन-तीन छटांचे मिसळलेले धागे असले की दोन्ही लपतं.

दुकानात

बोटभर तुकडा मागून घ्यावा. दुकानदार देतात; न देणाऱ्याकडून एवढं मोठं कापड घेऊ नये. घरी येऊन पाच गोष्टी करून पाहाव्यात.

तुकडा उजेडासमोर धरावा. धाग्यांमधून उजेड जितका कमी, तितकी वीण घट्ट. नखानं पाच-सहा वेळा ओरखडावं. धागे सरकले तर शिवणीतही सरकतील. ओल्या पांढऱ्या रुमालानं दहा वेळा घासावं. रुमालाला रंग लागला तर तो सदऱ्यालाही लागणार. कोपऱ्याला खोबरेलाचा थेंब टाकून दुसऱ्या दिवशी आपल्याच साबणानं धुवून पाहावं. आणि शेवटी दोन धागे उसवून, चिमट्यात धरून, मोकळ्या जागी काडी लावावी. सूत कागदासारखं जळतं आणि राखाडी, मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून आखडतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. लोकरीला केस जळल्याचा वास येतो. 'प्युअर कॉटन' म्हणून दिलेल्या कापडाचा मणी झाला तर फसवणूक तिथंच कळते.

आगीचा विषय निघालाच आहे तर एक इशारा. सोफ्यातला फोम पेटला की विषारी धूर होतो. ब्रिटननं १९८८ साली घरगुती फर्निचरसाठी आगीपासून सुरक्षेचे स्वतंत्र नियम केले, ते याच भीतीपोटी. ठिणगीनं पॉलिस्टरला वितळून भोक पडतं, तर सूत आतल्या आत धुमसत राहतं. बिडी, अगरबत्ती, देवासमोरचा दिवा सोफ्यापासून लांब असावा, कापड कुठलंही असो.

शिवण्याआधी

सोफ्याचं कापड बहुधा ५४ इंची पन्ह्याचं येतं. एक तीन आसनी आणि दोन एक आसनी अशा साध्या संचाला साधारण १० ते १२ मीटर लागतं. मोठी नक्षी असेल तर जुळवणीत वाया जातं, म्हणून कारागिराला माप दाखवल्याशिवाय कापड फाडून घेऊ नये. सुती कापड आधी भिजवून आटवून घ्यावं. ५ टक्के आटलं तरी १२ मीटरला ६० सेंटिमीटर कमी होतात, आणि शिवून झाल्यावर आटलं तर खोळ गादीवर चढतच नाही.

पैसे कमी असतील तर कुठं वाचवायचे आणि कुठं नाही, तेही ठरवावं. मागची बाजू भिंतीकडे असते. तिथं साधा मांजरपाट चालतो. बसायच्या गाद्या आणि हातांच्या जागा इथं मात्र काटकसर करू नये, कारण झीज तिथंच होते. कापड लाकडाला ठोकून बसवण्याऐवजी चेन लावलेल्या खोळी शिवाव्यात, आणि निदान बसायच्या गाद्यांच्या तरी दोन जोड असाव्यात. एक धुण्यात, एक वापरात.

वहीतलं पान

आता त्या कापसाच्या घरात परत जाऊ आणि पान भरू. रोज बसणारे सहा. माती आणि घाम दररोज, डोक्याला तेल, चहा सोफ्यावरच. पश्चिमेची खिडकी. दिवाळी ते मार्च खोलीत कापूस. धुणारी एक, पाणी मोजकं. उत्तर जवळजवळ आपोआप समोर येतं. सूत जास्त असलेलं मिश्र कापड, साधी घट्ट वीण, लव नाही, करड्या-तपकिरी मिसळीचा रंग, चेनच्या दोन जोड खोळी, पाठीला क्रोशाचे रुमाल, भिंतीपासून वीतभर अंतर, खिडकीला पडदा. शोरूममधल्या मरून मखमलीचा यात कुठंच पत्ता नाही.

नांदेड जिल्ह्यानं कापसासाठी खूप केलं आहे. एनएचएच-४४ हे गाजलेलं वाण नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्रातून आलं. ज्यांच्या हातांनी हा कापूस वेचला, त्यांच्या पाठीला त्या सुताचा मऊपणा मिळायला हवा. म्हणून वहीतल्या पानावर, पाचही उत्तरांच्या वर, पहिली ओळ अशी लिहावी: शेतातून आलेल्या माणसाला या सोफ्यावर बसण्याआधी कपडे झटकावे लागू नयेत.

पुढच्या दिवाळीत आबा डोकावतील. "वर बसा की," म्हटल्यावर ते क्षणभर कापडाकडे पाहतील, हात फिरवतील, आणि बसतील.